अण्णांचा फॉन्ट

ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 ची अपडेट बंद झाली. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर जुना, विंडोज 11 च्या अटींत बसेना. चालतं यंत्र भंगारात द्यायला जीव होईना, म्हणून विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकायचं ठरवलं. आमच्या देवगडात लाइटचा भरवसा नाही आणि लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली. मधेच लाइट गेली तर? म्हणून सगळ्यात आधी इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घातलं.

पुतण्या म्हणाला, "काका, सगळा डी ड्राइव्हमध्ये टाका, काय होवचा नाय." इतकी वर्षं आम्ही तेच करत आलो. विंडोज बिघडलं की सी फॉरमॅट, डी शाबूत. पण माझ्याकडे सी आणि डी म्हणजे एकाच डिस्कच्या दोन खोल्या, आणि मिंट टाकताना येणारा 'इरेज डिस्क' हा पर्याय अख्खं घरच पाडतो.

मग बाहेरची हार्डडिस्क आणली. खाऱ्या हवेने यूएसबीचं एक पोर्ट गंजलंय, कॉपी अर्ध्यावर तुटायची. त्यामुळे प्रत्येक फोल्डरवर राइट क्लिक करून दोन्हीकडे फाइलींची संख्या जुळवली. कंटाळवाणं काम, पण 212 फोटो राहिलेले त्यातच सापडले. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर करायची होती, तर भाचीच्या लग्नाचा 6 जीबीचा व्हिडिओ जाईना. जागा भरपूर होती! पेनड्राइव्ह फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, आणि त्यात 4 जीबीहून मोठी फाइल मावत नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला, तेव्हा गेला.

खरी गंमत पुढे. मिंट पेनड्राइव्हवरून नुसतं चालवूनही बघता येतं, डिस्कला हात न लावता. तसं चालवून अण्णांचा बागेचा हिशोब उघडला. कुठल्या कलमाला किती पेट्या, कुणाची उधारी किती, सगळं 2004 पासून वर्डमध्ये टाइप केलेलं. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं. पोटात गोळाच आला.

फाइल मात्र धड होती. अण्णा टाइप करायचे श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. हल्ली सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडच्या आधीची ती तऱ्हा: फाइलीत रोमन अक्षरांचे कोड, त्यांना देवनागरीचं रूप देणार फॉन्ट. फॉन्ट नाही तर मराठी नाही. आणि फॉन्ट बसलेले सी ड्राइव्हवर, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात. बॅकअप घेताना तिथे कोण बघतो? ते सगळे हार्डडिस्कवर घेतले, मिंटमध्ये बसवले, फाइल बंद करून पुन्हा उघडली. पहिल्याच ओळीत 'हापूस' दिसलं.

त्यानंतरच 'इरेज डिस्क' दाबलं. बाकी काम अर्ध्या तासात उरकलं. लाइट गेली नाही.

संध्याकाळी अण्णा विचारत आले, "माझो हिशोब खंय गेलो नाय मां?" फाइल उघडून दिली. नवा पडदा, नवी बटणं, त्यांचं कशाकडे लक्ष नाही. चष्मा सावरत ते 2011 पर्यंत गेले आणि तिथल्या एका ओळीवर बोट ठेवलं. कुणाकडून तरी पाच पेट्यांचे पैसे यायचे राहिलेत.