९४४ चे मागचे शाफ्ट: चार जॉइंटांतले तीन वाचले

पोर्शे ९४४ चा गिअरबॉक्स इंजिनाला लागून नसतो, मागे डिफरन्शियलशेजारी (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाशेजारी) असतो. त्यामुळे मागून काहीही वाजलं की खापर आधी त्याच्यावर फुटतं. मीही दोन महिने त्यालाच दोष देत होतो. शेवटी गाडी स्टँडवर घेऊन तिथून चाकाकडे जाणारा डावा शाफ्ट हाताने पुढे-मागे पिळला आणि 'टक्' ऐकू आलं. सीव्ही जॉइंट! म्हणजे शाफ्टच्या टोकाचा, चाक वर-खाली झालं तरी फेरा पोचवणारा छर्ऱ्यांचा सांधा. आतल्या बाजूचा रबरी बूट फाटलेला, ग्रीस कधीच उडून गेलेलं.

दोन शाफ्ट, चार जॉइंट, प्रत्येकाला सहा बोल्ट. चोवीस बोल्टांची डोकी बारा दाती खाचेची आणि त्या खाचांत जुनं ग्रीस-माती दगडासारखी बसलेली. प्रत्येक खाच टोच्याने कोरायची, बिट हातोडीने ठोकून तळापर्यंत बसवायचा, मगच जोर लावायचा. बावीस बोल्ट असे निमूट निघाले. तेविसाव्याला मी कोरायचा कंटाळा केला. बिट घसरला, डोकं गोल झालं आणि पुढचा दीड तास ग्राइंडरसोबत गेला.

जॉइंट उघडून रॉकेलमध्ये धुतले. खोबणीत छर्ऱ्यांचा नुसता चकचकीत पट्टा असेल तर चालतं. नख फिरवल्यावर अडलं, तर तो जॉइंट भंगारात. तीन पास झाले. फाटक्या बुटाखालच्या चौथ्यात मात्र तांदळाच्या कणीएवढे खड्डे होते, त्याच्या जागी नवा घेतला.

जोडताना खरी फजिती झाली. जॉइंटच्या आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही रिंगांवर छर्ऱ्यांच्या खोबणींमधल्या भिंती आळीपाळीने रुंद आणि अरुंद असतात. आतल्या रिंगची रुंद भिंत बाहेरच्या रिंगच्या अरुंद भिंतीसमोर यायला हवी. मी उलटं बसवलं. सहाही छर्रे आत गेले, मी खूश. पण जॉइंट जागचा हलेना. अर्धा तास छर्रे धरून ठेवणाऱ्या पिंजऱ्याला शिव्या घातल्यावर चूक लक्षात आली. नीट बसलेला जॉइंट हातात कसा सैल, गुळगुळीत वळतो, ते एकदा अनुभवलं की पुन्हा गफलत होत नाही. मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस भरलं, नवे बूट, नव्या सर्क्लिप (जॉइंट शाफ्टवरून सरकू न देणाऱ्या कड्या).

शाफ्टची लांबी सारखीच भरली, म्हणून बसवताना डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे टाकला. पुढे जाताना छर्रे खोबणीची एकच बाजू दाबतात. बाजू बदलली की इतकी वर्षं आराम केलेली बाजू कामाला लागते. झिजलेल्या जॉइंटला हा उपाय पुरत नाही, पण नुसत्या चकाकी आलेल्या तिघांना आणखी बरीच वर्षं मिळतील असं वाटतं.

फ्लँजवर (जॉइंट ज्यावर बोल्टने बसतो त्या चकतीवर) आणि बोल्टांच्या आट्यांवर ग्रीसचा थेंबही ठेवला नाही. तिथे चिकटपणा राहिला की बोल्ट हळूहळू सैल होतात. काल पहिली फेरी मारली, टक् बंद. शंभरेक किलोमीटर झाल्यावर चोवीसही बोल्ट पुन्हा तपासायचे आहेत; तोवर ठरावीक जोराने आवळणारा टॉर्क पाना डिकीतच.