मिनँडरचा द्रम्म आणि चिंचेचे पाणी

मोठ्या मामांच्या संग्रहातील मिनँडर या भारत-ग्रीक राजाचे चांदीचे नाणे, म्हणजे द्रम्म, गेल्या महिन्यात माझ्याकडे आले. कागदाची पुडी उघडली आणि माझ्या पोटात गलबलले, कारण ते नाणे नव्या जोडव्यासारखे चकचकीत दिसत होते. मामांच्या पश्चात घरातील कोणीतरी ते इथल्या, सोलापुरातल्या, एका सराफाकडून चिंचेच्या पाण्याने घासून घेतले होते. हेतू चांगलाच होता. पण एकवीसशेहून अधिक वर्षांत चांदीवर चढलेला करडा थर एका दुपारीत गेला.

नाण्याचे वजन जेमतेम अडीच ग्रॅम. दर्शनी बाजूस राजाचा मुखवटा आणि ग्रीक अक्षरे. मागील बाजूस ढाल धरून वज्र फेकणारी ग्रीक देवी अथीना आणि उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या प्राचीन खरोष्ठी लिपीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. दर्शनी बाजूचा ग्रीक ‘सोतेर’ म्हणजे तारणारा, आणि त्याच अर्थाचा आपला ‘त्राता’ पाठीमागे उभा आहे. केसांच्या बटांत आणि कपाळपट्टीच्या गाठीत साचलेल्या काळेपणामुळेच हे बारीक काम उठून दिसत असे. आता चेहरा सपाट वाटतो.

हे काम किती अवघड होते याची कल्पना आज सहज येत नाही. कारागीर धातूच्या ठशावर चित्र उलटे आणि खोलगट कोरत असे. एक ठसा ऐरणीत बसवून, त्यावर चांदीची चकती ठेवून, दुसऱ्या ठशावर हातोडा मारला जाई. त्यामुळे अथेन्सच्या, एका बाजूस अथीना आणि दुसऱ्या बाजूस घुबड असलेल्या नाण्यावर देवीच्या शिरस्त्राणाचा तुरा अनेकदा चकतीबाहेर जातो, आणि तो दोष मानण्याचे कारण नाही. सिसिली बेटावरच्या सायरॅक्यूज या ग्रीक नगरातील किमोन आणि युऐनेटोस या ठसेकारांनी तर ठशांवर स्वतःची नावे कोरली. अथेन्सने मात्र देवीचा जुन्या वळणाचा, समोरून पाहिल्यासारखा डोळा पिढ्यान्‌पिढ्या तसाच ठेवला, कारण दूरदेशीचा व्यापारी त्या ओळखीच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवत असे. ती चांदी अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींतली, इ.स.पू. 483 च्या सुमारास तिथे नवी शीर सापडली, तेव्हा अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस याने ते उत्पन्न नागरिकांत न वाटता युद्धनौकांवर खर्च करायला लावले, आणि तीनच वर्षांनी इराण्यांविरुद्धच्या सॅलॅमिसच्या आरमारी लढाईत त्या नौका उपयोगी पडल्या.

सुमारे 17 ग्रॅमच्या या घुबडांवर पुष्कळदा छिन्नीचा घाव आढळतो. आत तांबे तर नाही ना, हे कोणा व्यापाऱ्याने पाहिलेले असते. आपले सराफ टंच काढतात तसेच. संग्राहक अशा नाण्याची किंमत कमी धरतात. मला मात्र ते अधिक प्रिय आहे, कारण त्या घावात एका माणसाची शंका आणि तिचे निरसन दोन्ही दिसते.

मिनँडरची जुनी नाणी पहिल्या शतकातही भडोचच्या बाजारात चालत होती, असे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. त्याच ग्रंथात तगर नगरीचा माल गाड्यांनी भडोचला जात असल्याची नोंद आहे. तगर म्हणजे आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. आपला ‘दाम’ हा शब्दही ‘द्रम्म’मार्गे ग्रीक ‘द्राख्मे’कडेच जातो.

मामांच्या डब्यात आणखी दोन काळवंडलेली नाणी आहेत. ती मी प्लॅस्टिकच्या पाकिटातून काढून साध्या कोऱ्या कागदात ठेवली आहेत आणि घरात सर्वांना सांगितले आहे, की ती कोणीही उजळायची नाहीत.