अडीच तास

जानेवारी २०२४. पुणे-कोल्हापूर रस्त्यावरची चारशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याची सायकल सफर, चालू होती आणि साताऱ्याजवळच्या एका ढाब्यावर मी चहा सांगून बसलो होतो. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. बॅटरी वाचावी म्हणून फोन संध्याकाळपासून एअरप्लेन मोडवर होता. तो काढला आणि एकामागून एक मेसेज येत गेले. बायकोचे अकरा मिस्ड कॉल. शेवटी तिचा एक मेसेज: "ताप १०० वर आलाय. आम्ही घरी आलोय. तू सांभाळून ये."

धाकटा तेव्हा चौदा महिन्यांचा होता. रात्री दहाला त्याचं अंग तापलं, अकराला ताप १०३ वर गेला. थोरली साडेचार वर्षांची. तिला झोपेतच उचलून शेजारच्या काकूंकडे ठेवलं आणि बायको धाकट्याला छातीशी धरून रिक्षाने दवाखान्यात गेली. कान सुजला होता. औषध मिळालं, साडेबाराला घरी आली, मग ओल्या फडक्याने पुसत बसली. हे सगळं मला नंतर कळलं, तेही तुकड्यातुकड्याने.

ढाब्यावरून मी फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला तिने. मी विचारलं, "मग मी काय करू?"

थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "तू ठरव."

मी ठरवलं. अजून एकशे दहा किलोमीटर उरले होते, वेळेची मर्यादा सकाळी नऊची. सायकल ढाब्यावर ठेवून सातारा स्टँडवरून स्वारगेटची एसटी धरली असती, तर सहापर्यंत घरी पोचलो असतो. सायकलने गेलो तर साडेआठ. म्हणजे फरक अडीच तासांचा. ताप उतरलाय, दोघं झोपलेत, अडीच तासांत काय बिघडणार आहे? चहा संपवला, पायाला थोडं तेल चोळलं आणि सायकलवर बसलो. बीआरएम वेळेत पूर्ण झाली. साडेआठला घरी आलो, अंघोळ केली आणि दुपारी दोनपर्यंत झोपलो.

त्या बीआरएमचं पदक ड्रॉवरमध्ये आहे. बाकीची पदकं थोरलीने खेळायला घेतली आहेत. हे मी तिला कधी काढून दिलेलं नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत, कुणाच्या मदतीशिवाय पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल सफर. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर वेळेची नोंद करून घ्यायची आणि पुढे जायचं. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. एका हंगामात चारही केल्या की 'सुपर रँडोनिअर', म्हणजे आमच्या भाषेत एसआर. हंगाम नोव्हेंबर ते ऑक्टोबर.

हे आकडे सायकलवाल्याला वाटतात तेवढेच घरात मोजले जात नाहीत, हे कळायला मला वेळ लागला. सहाशेची बीआरएम शनिवारी सकाळी सहाला सुटते आणि मर्यादा संपते रविवारी रात्री दहाला. शुक्रवारी रात्री मी लवकर झोपणार, म्हणजे दोन्ही मुलांना तीच झोपवणार. सोमवारी मी ऑफिसात असेन, पण डोकं भिंतीला टेकलेलं. त्याआधीचे दोन महिने दर रविवारी शंभर-सव्वाशे किलोमीटरचा सराव. कार्डावर चाळीस तास, घरात त्याच्या चौपट.

मी सायकल घेतली २०१६ साली. आदल्या वर्षी नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या दोघा भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली होती. सुमारे ४८०० किलोमीटर, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत. दवाखाने सांभाळणारी आपल्या शेजारच्या गावची माणसं हे करू शकतात, हे वाचून मला झोप आली नव्हती. मुलं नव्हती तेव्हा रविवार आमचे दोघांचेच होते. मी पहाटे जायचो, ती अकरापर्यंत झोपायची, दुपारी दोघं मिळून जेवायला बाहेर. कुणाचं काहीच अडत नव्हतं. थोरली झाल्यावर अडायला लागलं आणि ते माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी प्रत्येक वेळी विचारून जात होतो.

हे विचारणं मला फार सभ्यपणाचं वाटायचं. "पुढच्या शनिवारी तीनशे आहे, जाऊ ना?" ती म्हणायची, "जा." ढाब्यावरच्या त्या रात्रीनंतर पंधरा दिवसांनी, मुलं झोपल्यावर, ती ओट्याशी उभी राहून बोलली. आवाज चढवला नाही.

"अडीच तासांचा प्रश्नच नव्हता रे. ताप उतरला होता, मलाही कळत होतं. पण मी रात्रभर सगळं एकटीने ठरवत होते. डॉक्टरांकडे आत्ता जायचं की सकाळी, थोरलीला न्यायचं की ठेवायचं, तुला परत फोन करायचा की नाही. आणि तू फोन करून विचारलंस, मी काय करू. म्हणजे तेही मीच ठरवायचं."

मग म्हणाली, "तू विचारतोस तेव्हा मी नाही म्हटलं, तर मी वाईट. हो म्हटलं, तर सगळं माझ्यावर. तू विचारूच नकोस. तू आधी बघ की त्या दिवशी घरात काय आहे, आणि मग मला सांग तू काय ठरवलंयस."

हे मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. सायकलवाल्या मित्रांच्या गप्पांत 'घरची परवानगी' हा शब्द रोज येतो. मीही तोच वापरायचो. परवानगी मागताना आपण नकार द्यायचं ओझंही समोरच्याच्या हातात ठेवतो, हे त्या रात्री ओट्याशी उभ्या असलेल्या तिच्याकडून मला कळलं.

मला सायकल सोडायची नव्हती. तिनेही ते कधी म्हटलं नाही. आणि सायकल मला काय देते हे इथे सांगितलंच पाहिजे, नाहीतर वरचं सगळं एका हट्टाची गोष्ट वाटेल. जानेवारीत रात्री कराड-सातारा पट्ट्यातून जाताना उसाच्या ट्रॉल्या रांगेने चाललेल्या असतात, मागे दिवा नाही, नुसती सळसळ ऐकू येते. त्यांच्या मागे गेलं की ओल्या उसाचा वास नाकात भरतो. पहाटे खंबाटकी चढताना आपला श्वास आणि चेनची किरकिर एवढंच राहतं. डोक्यात आठवडाभर घोळणारं ऑफिस कुठल्या तरी वळणावर गळून पडतं आणि ते कधी पडलं तेही कळत नाही. माझे वडील चाळिशीत बीपीच्या गोळ्यांवर होते. मी चाळीस पार केली आहे आणि माझी गोळी सुरू झालेली नाही. मुलांना दमलेला पण हसरा बाप मिळतो. हे खरं आहे आणि बायकोही ते मानते.

तेव्हा आम्ही काय बदललं ते सांगतो. सगळंच जमलं असं नाही.

आधी घरात ट्रेनर आणला. मागचं चाक काढून सायकल त्यावर बसवायची आणि घरातच पॅडल मारायचं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पहाटे पाचला त्याची घरघर भिंतीतून जाते. धाकटा तिसऱ्या दिवशी उठून बसला, आणि घरात असूनही मी घामाघूम, पाय अडकलेला, त्याला घेऊ शकत नव्हतो. बाहेर असण्यापेक्षा ते वाईट होतं. महिन्यात विकला.

मग पहाट धरली. आम्ही वडगावला राहतो. सव्वाचारला निघायचं, जुन्या कात्रज घाटाचे दोन फेरे, पावणेसातला घरात. हेल्मेट, बूट, दिवे, पाण्याची बाटली, सगळं रात्रीच दाराबाहेरच्या कपाटात, म्हणजे घरात एकही झिप वाजत नाही. आठवड्यातून दोनदा. थोरलीचा डबा त्या दोन दिवशी माझ्याकडे. सकाळी सातला पोळी लाटताना मांड्या थरथरत असतात, पण डबा वेळेत जातो.

खरा बदल फ्रीजवरच्या कॅलेंडरचा. महिना सुरू व्हायच्या आधी त्यावर पहिल्या खुणा तिच्या होतात. शनिवारची तिची पोहण्याची वेळ, तिच्या ऑफिसचे उशिराचे दिवस, माहेरची कार्यं. लसीकरण, पालकसभा, गॅसचा नंबर लावणं हे लिहायचं काम माझं. लिहिणं म्हणजे लक्षात ठेवणंही माझंच. त्यातून जे रिकामं उरतं त्यात सायकल बसली तर बसली. गेल्या हंगामात दोनशेच्या दोन आणि तीनशेची एक बसली. चारशे-सहाशे बसल्या नाहीत, एसआर झाली नाही. ऑक्टोबर संपला त्या रात्री मला वाईट वाटलं. खूपच वाटलं.

आणि महिन्यातला एक रविवार तिचा. मी धरून चाललो होतो की ती मैत्रिणींकडे जाईल, सांगलीला बहिणीकडे जाईल. पहिल्या रविवारी मी दोघांना आवरून बसवलं आणि विचारलं, "तू कुठे जाणार?"

"मी कुठेच जाणार नाही. तुम्ही जा. मला घरात एकटीला राहायचंय."

त्या दिवशी मी मुलांना घेऊन कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेलो. साडेनऊला दार उघडतं. चार तास. धाकटा हत्तीपाशी पोचेपर्यंत खांद्यावर झोपला, थोरलीला तीनदा लघवीला लागली, एक चप्पल हरवली, ती सापांच्या विभागाबाहेर सापडली. अडीचला घरी आलो तेव्हा बायको खिडकीत पाय वर घेऊन बसली होती, हातात काहीच नव्हतं, टीव्ही बंद. मी विचारलं, काय केलंस? म्हणाली, "काहीच नाही." इतका निवांत चेहरा तिचा मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. बीआरएमवरून परत आल्यावर माझा चेहरा असाच दिसत असणार. तिला तो चेहरा मिळायला सहा वर्षं लागली.

थकव्याबद्दलही एक ठरलंय. लांब सफर करून आलो की त्या दिवशी दिवसा झोपायचं नाही. अंघोळ, जेवण आणि मग संध्याकाळपर्यंत मुलं माझ्याकडे. पहिल्या दोन-तीन वेळा फार जड गेलं. सतरंजीवर आडवा पडायचो आणि धाकटा माझ्या पाठीवरून गाड्या चालवायचा. आता पाठीलाच रस्ता म्हणतो तो. पाठीच्या मधोमध त्याचा बोगदा आहे.

आता पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचं. १८९१ साली सुरू झालेली, दर चार वर्षांनी होणारी, सुमारे बाराशे किलोमीटर, जास्तीत जास्त नव्वद तास. लांब पल्ल्याच्या प्रत्येक सायकलवाल्याच्या मनात ती असतेच. पुढची २०२७ मध्ये. तिथे जायचं तर त्या वर्षी चारही बीआरएम पूर्ण हव्यात, आणि आदल्या वर्षी जितकं लांब अंतर केलेलं असेल तितकी नोंदणी लवकर उघडते. म्हणजे सलग दोन हंगाम पूर्ण द्यायचे. धाकटा तीन वर्षांचा आहे. मी कॅलेंडर समोर घेऊन दोन रात्री बसलो. बायकोला विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं, "२०२७ नाही. २०३१ ला बघू. थोरली बारा वर्षांची असेल."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरं. पण तेव्हा मीही येणार फ्रान्सला. तुझ्या मागे गाडीत बसून नाही. मी पॅरिस बघणार, तू तुझं काय ते कर."

या रविवारी तीनशेची बीआरएम आहे. मित्र पहाटे निघतील. आमच्या कॅलेंडरवर रविवार तिचा आहे, म्हणून मी घरी.

काल संध्याकाळी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून चेन धुवायला घेतली. एका वाटीत रॉकेल, एक जुना टूथब्रश. थोरली शेजारी बसली, जोड असलेल्या कडीवर बोट ठेवून मोजायला लागली. चेनच्या कड्या एक आतली, एक बाहेरची अशा जोडीने असतात, त्यामुळे आकडा समच यायला हवा. एकशे सातवर तिचं मोजणं संपलं.

"एक राहिली कुठेतरी," मी म्हटलं.

"तुला कसं कळलं?"

कारण सांगितलं. तिला पटलं नाही. आतली कुठली, बाहेरची कुठली ते तिने दोन बोटांत धरून नीट पाहिलं, काळी झालेली बोटं फ्रॉकला पुसली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. आतून धाकटा "मला पण, मला पण" करत पळत आला. मी वाटी उचलून वर ठेवली.