न चालणारी तिकिटं

टपाल तिकिटं जमवणाऱ्यांमध्ये एक छोटा पंथ आहे, त्याला टपालाशी काही देणंघेणं नसतं. मी त्या पंथातला. आमच्या अल्बममधल्या तिकिटांवर बहुधा देशाचं नाव नसतं, किंमत नसते; आणि असलीच तर कोणीतरी काळे पट्टे मारून, आडवी अक्षरं छापून किंवा सरळ भोक पाडून ती निकामी केलेली असतात. ही तिकिटं कुठल्या पाकिटावर बसून कुठे गेली नाहीत, जायची नव्हतीच. पर्किन्स बेकन, डे ला रू, वॉटरलो, ब्रॅडबरी विल्किन्सन, हॅरिसन या ब्रिटिश सुरक्षा-छपाईवाल्यांनी यंत्र तपासायला, शाई जोखायला किंवा गिऱ्हाइकापुढे ठेवायला ती छापली. तिकडचे संग्राहक असल्या सगळ्या बिनटपाली ऐवजाला 'सिंड्रेला' म्हणतात आणि लंडनमध्ये १९५९ पासून त्यांचा क्लबही आहे. मुख्य कॅटलॉगांत या तिकिटांना सहसा क्रमांक नसतो, त्यामुळे 'सेट पूर्ण झाला का?' हा संग्राहकांचा आवडता छळ इथे संभवत नाही. माझ्यासारख्या आळशी माणसाला हे फार सोयीचं.

पण आळस हे खरं कारण नव्हे. मला गुंतवून ठेवतं ते छापणाऱ्याचं कोडं. नमुना इतका देखणा हवा की दूरदेशीच्या पोस्टमास्तर जनरलने कंत्राटावर सही करावी, आणि त्याच वेळी तो इतका बिघडवलेला हवा की कुणी उचलून पाकिटावर चिकटवू नये. साडीच्या दुकानात गादीवरचा माणूस पदर उलगडून दाखवतो, तसंच हे काम. फक्त त्याला दाखवलेली साडी नंतर फाडून ठेवावी लागत नाही. तिकीट म्हणजे छोटा पैसाच, आणि पैसा नमुना म्हणून वाटता येत नाही. मग ते बिघडवायचं कसं? या एका प्रश्नाला प्रत्येक छापखान्याने आपापल्या स्वभावाप्रमाणे उत्तर दिलं आहे. मी ती उत्तरं जमवतो.

सुरुवात पहिल्याच तिकिटापासून होते. मे १८४० मध्ये पेनी ब्लॅक आलं, पर्किन्स बेकनकडे छापलेलं. त्यावर पोस्टात लाल शाईचा शिक्का मारत. लोक हुशार. ती लाल शाई पुसून तिकीट पुन्हा वापरता येतं, हे त्यांना लगेच उमगलं. मग त्याच वर्षी, तिकीट कोणत्या रंगात छापावं आणि शिक्का कोणत्या शाईचा असावा, याचे प्रयोग झाले. त्यासाठी बारा ठशांची एक छोटी प्लेट केली आणि वेगवेगळ्या रंगांत, वेगवेगळ्या कागदांवर छापून पाहिली. संग्राहक त्यांना 'रेनबो ट्रायल्स' म्हणतात. चेहरा राणी व्हिक्टोरियाचाच, पण उजवीकडचा वरचा कोपरा कोरा ठेवलेला. एवढ्याशा रिकाम्या चौकोनाने ते तिकीट तिकीट राहत नाही. मला ही बिघडवण्याची सगळ्यांत सभ्य तऱ्हा वाटते. प्रयोगांचा निकाल म्हणजे १८४१ चं पेनी रेड आणि त्यावर काळा शिक्का. ते लाल तिकीट पुढे कितीतरी वर्षं चाललं, त्यामुळे ते कुणाकडेही सापडतं. त्याआधीचे इंद्रधनुषी तुकडे मात्र लिलावाच्या पुस्तकात बघून पान उलटायचं, एवढंच आपल्या हाती.

पर्किन्स बेकनची दुसरी गोष्ट याहून रंगतदार आहे, आणि तिच्यात एक पुतण्या आहे. ज्या रोलंड हिलमुळे पेनी पोस्ट आली, त्यांचे पुतणे ऑर्मंड हिल हे सरकारी शिक्के-मुद्रांकाच्या खात्यात अधिकारी होते. १८६१ साली त्यांनी पर्किन्स बेकनकडे वसाहतींच्या तिकिटांच्या सहा-सहा प्रती मागितल्या. तिकिटं जमवण्याचं वेड तेव्हा नुकतंच पसरत होतं आणि ओळखीच्या मंडळींना ती हवी होती. आता एवढ्या मोठ्या घरच्या माणसाला नाही कसं म्हणणार? छापखान्याने आपल्या समजुतीप्रमाणे काळजी घेतली: प्रत्येक तिकिटावर लांबट गोलात आडव्या रेघा आणि मध्ये 'कॅन्सल्ड' असा शिक्का मारला, म्हणजे पोस्टात चालायला नको. पण तिकिटं कंपनीच्या मालकीची कुठे होती? ती वसाहतींची होती, आणि वसाहतींचा कारभार लंडनमध्ये क्राउन एजंट बघत. त्यांच्यापैकी पेनरोज ज्युलियन यांना ही भानगड कळली तेव्हा ते भडकले. कंपनीने न विचारता माल दिला, एवढं त्यांना पुरेसं होतं. प्लेट्स काढून घेतल्या गेल्या आणि काम डे ला रूकडे गेलं. ज्या कंपनीने जगातलं पहिलं चिकट तिकीट छापलं, तिच्या हातून वसाहतींचं मोठं काम अशा शिष्टाचारापायी सुटलं. नमुना बिघडवला होता, पण परवानगी घेतली नव्हती. आपल्या सरकारी कचेऱ्यांत वावरलेल्या कुणालाही यात नवल वाटायचं नाही. ते रेघांचे तुकडे आज मूळ तिकिटांपेक्षा कितीतरी महाग आहेत.

डे ला रू हे घराणं मुळात पत्त्यांचं. थॉमस डे ला रू हे ग्वेर्न्सी बेटावरचे. खेळायचे पत्ते छापण्यात त्यांचं नाव झालं आणि तिथून कंपनी तिकिटांत, पुढे नोटांत गेली. यांचा स्वभाव रसायनशाळेचा. शिक्का पुसणाऱ्यांशी यांनी शाईनेच लढाई केली. तिकिटावरची शाई अशी की शिक्का किंवा पेनची सही धुवायला जावं तर खालचं तिकीटच धुऊन निघावं. पाण्याने जाणारी आणि रसायनानेही जाणारी, अशी दुहेरी कच्ची शाई. ती त्यांना जांभळट आणि हिरव्या अशा दोनच रंगांत साधली. म्हणून १८८३-८४ ची कमी किमतीची ब्रिटिश तिकिटं जवळजवळ सगळी जांभळट नाहीतर हिरवी आहेत. कारकुनांना चार पेनी कुठले आणि शिलिंग कुठला हे ओळखेना. ओरड झाली, आणि १८८७ मध्ये राणीच्या ज्युबिलीचे रंगीत तिकीटसंच आले. या मंडळींच्या नमुन्यांवर राणी नसते. तिथे मिनर्व्हा असते, शिरस्त्राण घातलेली रोमन देवी, जिचं कुठल्याच पोस्ट खात्याशी नातं नाही. एकच चेहरा वेगवेगळ्या शाईंत छापलेला दिसतो. एकदा असा तुकडा पाण्यात टाकून बघायचा मोह मला झाला होता. टाकला नाही. काही शास्त्रीय कुतूहल पैशांअभावी आवरावं लागतं.

वॉटरलो अँड सन्सचं उत्तर माझं सगळ्यांत लाडकं आहे, कारण त्यात थोडा खोडसाळपणा आहे. यांनी काल्पनिक देवी वगैरे शोधली नाही. ज्या देशांसाठी खरी तिकिटं छापली त्यांचेच ठसे घेतले, फक्त रंग भलतेच वापरले. मग वर कंपनीचं नाव आणि 'स्पेसिमेन', आणि एका कडेला बारीक गोल भोक. नॉर्थ बोर्निओची १९०९ ची मालिका घ्या. त्यात हत्ती आहे, गेंडा आहे, धनेश आहे, टॅपिर आहे. ती तिकिटं ज्याने पाहिली आहेत त्याला हेच प्राणी दुसऱ्याच रंगात समोर आले की क्षणभर वाटतं, आपल्याला रंगचुकीचं दुर्मिळ तिकीट मिळालं! मग भोक दिसतं. एका तिकीट-मेळ्यात टेबलामागच्या म्हाताऱ्या विक्रेत्याशी मी असाच घासाघीस करत होतो. म्हटलं, याला भोक पडलंय, जरा कमी करा. तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "साहेब, भोकाचेच तर पैसे आहेत." खरंच होतं. मी मुकाट्याने पैसे मोजले.

इतकी भोकं पाडणाऱ्या या कंपनीवर १९२५ साली काय प्रसंग ओढवला, हे वाचून मी पुन्हा पुन्हा चकित होतो. आल्व्हेस रेइस नावाच्या पोर्तुगीज भामट्याने बँक ऑफ पोर्तुगालची खोटी कागदपत्रं तयार केली आणि मध्यस्थांमार्फत वॉटरलोला पाचशे एस्कुडोंच्या नोटांची ऑर्डर दिली. कंपनीने इमानेइतबारे छापून दिल्या. प्लेट खरी, कागद खरा, शाई खरी, वास्को द गामाचं चित्र खरं; खोटी फक्त ऑर्डर. नोट बघून फसवणूक ओळखायची सोयच नव्हती. प्रकरण लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १९३२ साली निकाल बँकेच्या बाजूने लागला. नमुन्याला भोक पाडायला न विसरणाऱ्या घरात पत्राची खातरजमा नीट झाली नाही! माझ्याकडच्या वॉटरलोच्या तुकड्यांकडे मी तेव्हापासून जरा वेगळ्या नजरेने बघतो.

ब्रिटिश पोस्ट खात्याची स्वतःची चाचणी-तिकिटं दिसायला रुक्ष असतात, पण तीही मी सोडत नाही. १९३० च्या दशकात नाणं टाकून तिकीट देणारी यंत्रं तपासायला गुंडाळीतली खोटी तिकिटं लागत. त्यातल्या एकाचं रूप बघून लोकांनी त्याचं नाव 'पोच्ड एग', म्हणजे पाण्यात शिजवलेलं अंडं, असं ठेवलं. पोस्टाच्या प्रशिक्षण शाळेत नवख्या कारकुनांना हिशेब शिकायला खरीच तिकिटं देत, वर दोन जाड उभे काळे पट्टे मारून. आणि १९५७ च्या नोव्हेंबरात साउदॅम्प्टनला पत्रं आपोआप सरळ लावणाऱ्या यंत्राचा प्रयोग झाला, त्यासाठी तिकिटांच्या मागे ग्रॅफाइटच्या काळ्या रेघा छापल्या. यंत्राला तिकीट कुठे आहे ते कळावं म्हणून. तो माणसाला दाखवायचा नमुना नव्हताच. ती खरी, चालणारी तिकिटं होती आणि त्यांचं गिऱ्हाईक पाठीमागून बघत होतं. पुढे फॉस्फरचे पट्टे आले. आता २०२२ पासून तिथल्या नेहमीच्या तिकिटांना शेजारी बारकोडच असतो.

हे सगळं भिंगाखाली बघण्यात वेळ फार छान जातो. कोरीव छपाईचं तिकीट बोटाला लागतं. शाई कागदावर उभी राहिलेली असते. हॅरिसनने १९३४ पासून ब्रिटिश तिकिटांसाठी आणलेली फोटोग्रॅव्ह्युअर छपाई बोटाला गुळगुळीत, पण भिंगाखाली ठिपक्याठिपक्यांची. खऱ्या तिकिटात आपण आधी राजा बघतो, मग किंमत, मग शिक्का कुठल्या गावचा ते. छपाई बघायला उसंत कुणाला? नमुन्यात बघायला दुसरं काही ठेवलेलंच नसतं.

माझं लहानपण नाशिकरोडला गेलं हे इथे सांगायला हवं, नाहीतर या खुळाचा उगम कळणार नाही. १८५५ पासून भारताची तिकिटं डे ला रू लंडनमध्ये छापत होती; १९२६ मध्ये ते काम नाशिकरोडच्या प्रेसमध्ये आलं. चित्र तेच, पंचम जॉर्जचं, पण उजेडाकडे धरलं तर नाशिकच्या कागदात ताऱ्यांची रांगच रांग दिसते. १९२९ ची विमानाची तिकिटं आणि १९३१ ची नव्या दिल्लीची तिकिटं तर सगळी इथलीच. आमच्या भागात 'प्रेसमध्ये आहे' म्हटलं की मुलाचं लग्न ठरायला वेळ लागत नसे. सुटताना झडती होते, कागदाचा कपटाही बाहेर येत नाही, हे आम्ही पोरं मोठ्या रुबाबात एकमेकांना सांगत असू, जणू ती झडती आमचीच होती.

आता वाटतं, लंडनहून काम इथे आलं तेव्हा पहिलं खरं तिकीट निघण्याआधी किती कागद वाया गेले असतील! यंत्र बसवताना, शाई जमवताना, छिद्रं सरळ येईपर्यंत. नियमाप्रमाणे ते सगळे मोजून नष्ट केले असणार, आणि सुरक्षा-छपाईत तेच बरोबर आहे, माझ्यासारख्यांना कितीही वाईट वाटलं तरी. पण समजा, त्यातला एखादा रीतसर बाद केलेला, रीतसर नोंदलेला तुकडा उद्या रीतसर लिलावात आला, तर मी बोली लावणार. भोक असेल तर थोडी वरच्या भावाची.