आलिशान मोटारीतले काट्यांचे घड्याळ

महागड्या मोटारीच्या डॅशबोर्डवर काट्यांचे घड्याळ असावे की नसावे, या प्रश्नावर मोटारप्रेमींमध्ये सरळ दोन तट पडतात. एका तटाला ते लाकूड आणि चामड्याच्या पंक्तीत मानाने बसणारे वाटते. दुसऱ्या तटाला ती आजोबांच्या दिवाणखान्यातून उचलून आणलेली वस्तू वाटते, कारण समोरच्या स्क्रीनवर, मनगटावर आणि खिशातल्या फोनवर वेळ आधीच दिसत असते. माझा कौल घड्याळाला आहे, पण सरसकट नाही. डॅशबोर्डची आखणी करतानाच ज्याच्यासाठी जागा राखली गेली आणि ज्याची तबकडी चालत्या गाडीत वाचता येते, ते घड्याळ आलिशान मोटारीत शोभतेच; ज्याचे सारे भांडवल तबकडीवर छापलेले नाव एवढेच आहे, ते कितीही महाग असले तरी तिथे उपरेच दिसते.

मुळात घड्याळ मोटारीत शिरले ते कामासाठी. स्वित्झर्लंडच्या हॉयर कंपनीने १९११ मध्ये ‘टाइम ऑफ ट्रिप’ नावाचे डॅशबोर्डचे घड्याळ काढले, त्यात दिवसाची वेळ आणि प्रवासात गेलेला वेळ या दोन्ही गोष्टी एकाच तबकडीवर वाचता येत. त्याच कंपनीने १९३३ मध्ये डॅशबोर्डसाठी ‘ऑटाव्हिया’ हे कालमापक (स्टॉपवॉच) आणले. मोटार आणि विमान या दोन्हींसाठी ते असल्यामुळे ‘ऑटोमोबाइल’ आणि ‘एव्हिएशन’ या शब्दांचे तुकडे जोडून त्याचे नाव ठेवले होते. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘मास्टर टाइम’ हे एकदा चावी दिली की आठ दिवस चालणारे घड्याळ आणि त्याच्या शेजारी ‘मॉन्टे कार्लो’ हे कालमापक अशी जोडी रॅलीच्या मोटारींत दिसू लागली. रॅलीमध्ये ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळेला पोहोचायचे असते, तेव्हा शेजारी बसलेल्या वाटाड्याचे निम्मे लक्ष या दोन तबकड्यांवरच असे. डॅशबोर्डवरचे घड्याळ आज पाहताना त्याचा हा जन्म विसरता कामा नये, कारण त्याच्या रूपातल्या चांगल्या गोष्टी, म्हणजे ठळक अंक, रुंद काटे आणि चकाकी नसलेली तबकडी, तिथूनच आल्या आहेत.

विजेवर चालणारे घड्याळ आले आणि त्याची अब्रू गेली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. जुन्या मोटारींची अशी घड्याळे उघडून पाहण्याची मला हौस आहे, आणि उघडल्यावर आत बहुतेक वेळा एकच कहाणी सापडते. आत एक छोटी स्प्रिंग असते आणि ती जेमतेम एकदोन मिनिटे पुरते. ती सैल झाली की धातूची दोन टोके एकमेकांना टेकतात, विद्युतचुंबकाला झटका बसतो, स्प्रिंग पुन्हा ताणली जाते आणि टोके विलग होतात. घड्याळ पुढ्यात असेल तर दर खेपेला ‘टक्’ असा कोरडा आवाज ऐकू येतो. प्रत्येक स्पर्शाबरोबर बारीक ठिणगी पडते, त्या ठिणगीने टोके काळवंडतात आणि त्यांवर खड्डे पडतात. मोटारीची बॅटरी उतरू लागली, की चुंबकाला स्प्रिंग ताणण्याइतका जोर मिळत नाही, टोके चिकटलेलीच राहतात, प्रवाह वाहत राहतो आणि चुंबकाच्या तारेचे वेटोळे जळते. लाकडी फळ्यांच्या, मखमली गालिच्यांच्या कित्येक भारी मोटारींमध्ये घड्याळ तेवढे बंद, हे दृश्य एके काळी सर्रास दिसे, त्याचे कारण हे इतके क्षुल्लक होते.

याच काळात घड्याळाच्या वाट्याला जाहिरातीच्या इतिहासातला मोठा मानही आला, हा गमतीचा योगायोग आहे. जाहिरातकार डेव्हिड ओगिल्वी यांनी १९५८ मध्ये रोल्स-रॉईससाठी लिहिलेल्या जाहिरातीचा मथळा असा होता, की ताशी ६० मैल वेगाने जाताना या नव्या मोटारीत सर्वांत मोठा आवाज येतो तो तिच्या विजेच्या घड्याळाचा. घड्याळाची टकटक ऐकू येण्याइतकी शांतता मोटारीत आहे, असे त्यातून सुचवायचे होते. तिथून पुढे काट्यांचे घड्याळ आणि आलिशान मोटार यांची लोकांच्या मनात जी गाठ बसली, तिच्यात या एका वाक्याचा हात मोठा असावा असे मला वाटते.

पुढे क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे घड्याळ, आले आणि ठिणग्यांचा प्रश्न मिटला. सेकंदाला ३२,७६८ कंपने करणारा स्फटिक हा साधारण २५ अंश सेल्सिअसच्या आसपास उत्तम वेळ राखतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तापमान ६० अंशांवर गेले, तर तो दिवसाला तीनचार सेकंदांच्या गतीने मागे पडू लागतो. आजच्या मोटारीत याचीही चिंता उरलेली नाही. लेक्ससच्या अनेक मोटारींतील काट्यांचे घड्याळ उपग्रहाकडून आलेल्या वेळेनुसार स्वतःला जुळवून घेते. असे घड्याळ एका वेळपट्ट्यातून (टाइम झोनमधून) दुसऱ्यात जाताना पाहण्यासारखे असते: इतका वेळ संथपणे चाललेला मिनिटकाटा अचानक झपझप फिरू लागतो, तासकाटा त्याच्यामागून सरकतो आणि नेमक्या जागी दोघेही थांबतात. घड्याळाचा ‘यांत्रिक आत्मा’ वगैरे बोलणाऱ्यांनी हे एकदा पाहावे, कारण आज बहुतेक आलिशान मोटारींतले घड्याळ स्वतः वेळ राखत नाही; मोटारीच्या संगणकाने सांगितलेली वेळ दाखवणारा तो एक दर्शक आहे.

मग दर्शकच असेल, तर काटे कशाला? इथे माझा मुद्दा सौंदर्याआधी सोयीचा आहे. वाहन चालवताना ‘आता किती वाजले’ यापेक्षा ‘किती वेळ उरला’ हा प्रश्न जास्त वेळा पडतो. साडेनऊला पोहोचायचे असेल आणि समोर ९:१३ असे आकडे दिसले, तर वजाबाकी करावी लागते. काट्यांच्या घड्याळात मिनिटकाटा आणि तळाचा सहा यांच्यामधली जागा दिसते आणि काम भागते. दुसरी गोष्ट अशी, की ध्रुवीकृत काचांचा गॉगल घातला की काही स्क्रीन एखाद्या कोनातून काळपट दिसतात, पण छापील तबकडीवर त्याचा परिणाम होत नाही. तिसरी गोष्ट आलिशान मोटारीची खास आहे. अशा मोटारीचा मालक पुष्कळदा मागच्या आसनावर बसतो, चालकासमोरचे आकडे त्याला दिसत नाहीत आणि मधल्या स्क्रीनवरचा वेळ एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतो. हवेच्या दोन झरोक्यांच्या मधोमध बसवलेले गोल घड्याळ मात्र पुढच्या दोन आसनांच्या फटीतून त्याला सहज वाचता येते.

या सोयीवर पाणी ओतणारी घड्याळेही भरपूर आहेत, हे मान्य करावे लागेल. रुपेरी तबकडीवर रुपेरी काटे ही त्यांतली सर्वांत मोठी खोड. ऊन तिरपे आले की दोन्ही सारखेच चमकतात आणि काटे गडप होतात. खोल बसवलेल्या तबकडीचे दुखणे वेगळे असते. घड्याळ मधोमध आणि चालक एका बाजूला असल्यामुळे तो तिरकस पाहतो, काटा तबकडीपासून जितका उंच तितका तो एका अंगाला सरकलेला दिसतो, आणि शेजारी बसलेल्याला तोच काटा उलट्या अंगाला सरकलेला दिसतो. बाराच्या आणि सहाच्या आसपास हा फरक मिनिटभराचाही होऊ शकतो. काटे तबकडीलगत ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे, पण खोली असली की ‘भारी’ दिसते, या समजुतीपुढे तो मागे पडतो.

आता नावाच्या घड्याळांकडे वळू. मोटार एकाची आणि घड्याळावर नाव दुसऱ्याचे, हा प्रकार जुना आहे. १९७० च्या दशकात लिंकन कॉन्टिनेन्टल मार्क मालिकेतल्या मोटारींत कार्टिये या फ्रेंच जवाहिऱ्यांचे नाव असलेले घड्याळ येत असे, आणि मर्सिडीजच्या एएमजी मोटारींत आयडब्ल्यूसी या स्विस घड्याळ कंपनीचे नाव बरीच वर्षे दिसले. तबकडी चांगली असेल तर नावाला माझी हरकत नाही, पण नावाने तबकडी चांगली होत नाही. या वाटेचे टोक म्हणजे बेंटलीच्या २०१५ मध्ये आलेल्या बेन्टेगा या गाडीसाठी दिलेले ब्राइटलिंग या घड्याळ कंपनीचे टूर्बियाँ घड्याळ (टूर्बियाँ म्हणजे वेळ राखणारा भागच सावकाश फिरत ठेवणारी रचना), ज्याची किंमत सुमारे १,५०,००० युरो होती. ते फिरवले की आपोआप चावी भरणारे खरे यांत्रिक घड्याळ असून त्याला चावी देण्यासाठी डॅशबोर्डमध्येच ते फिरवणारी यंत्रणा बसवली आहे. या घड्याळाची चेष्टा पुष्कळांनी केली, तरी एका बाबतीत ते वाटते तितके वेडगळ नाही. घड्याळजी अब्राहम-लुई ब्रेगे यांना टूर्बियाँचे पेटंट १८०१ मध्ये मिळाले, ते खिशात उभ्या अवस्थेत राहणाऱ्या घड्याळावर गुरुत्वाकर्षणाचा जो एकाच दिशेने परिणाम होतो, तो विभागून टाकण्यासाठी. मनगटावरचे घड्याळ दिवसभर दिशा बदलत असते, म्हणून तिथे टूर्बियाँची गरज कमी. डॅशबोर्डवरचे घड्याळ मात्र खिशातल्या घड्याळासारखेच उभे आणि स्थिर असते. म्हणजे तर्काने पाहता टूर्बियाँची जागा मनगटापेक्षा मोटारीत अधिक बरोबर ठरते. तरीही मी त्याच्या बाजूने बोलणार नाही, कारण शेजारीच उपग्रहाची अचूक वेळ असताना रस्त्याचे धक्के खात यांत्रिक घड्याळाने त्याच्याशी स्पर्धा करायची, यात हौसेपलीकडे काही नाही. त्या मानाने रोल्स-रॉईसने २०२१ च्या ‘बोट टेल’ मोटारीसाठी बोव्हे या घड्याळ कंपनीकडून करून घेतलेली घड्याळे मला अधिक समजूतदार वाटतात. ती डॅशबोर्डमधून काढून मनगटावर बांधता येतात किंवा मेजावर ठेवता येतात; मोटार सोडली तरी घड्याळ सोबत येते, आणि महागडे घड्याळ मोटारीत अडकवून ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही.

घड्याळ हे श्रीमंतीचे चिन्ह मानणाऱ्यांची पंचाईत फोक्सवॅगनने केली. पसाट या मध्यम वर्गातल्या मोटारीच्या डॅशबोर्डवर मधोमध गोल घड्याळ होते, आणि २०१९ मध्ये मोटारीचे रूप बदलताना ते काढून तिथे गाडीच्या नावाची उजळणारी अक्षरे बसवली. चिन्ह म्हणून बसवलेली वस्तू दुसऱ्या चिन्हासाठी किती सहज हलवता येते, हे यात दिसते. एखादे घड्याळ उचलून तिथे नावाची पट्टी ठेवली आणि कुणालाच काही खटकले नाही, तर ते घड्याळ डॅशबोर्डचा भाग कधी झालेच नव्हते असे मी समजतो.

मासेराटी या इटालियन कंपनीचे प्रकरण अधिक चटका लावणारे आहे. १९८० च्या दशकातल्या बायटर्बो या मोटारीपासून तिच्या मोटारींत डॅशबोर्डच्या मध्यभागी बदामाच्या बीसारख्या लंबगोल आकाराचे घड्याळ असे, आणि ते पाहूनच मोटार ओळखू येई. २०२२ च्या ग्रेकाले या मोटारीमध्ये ती जागा राहिली, आकार गोल झाला आणि काट्यांच्या जागी छोटी स्क्रीन आली. तिच्यावर घड्याळाचे चित्र येते, हवे तर होकायंत्र येते, हवे तर आणखी काही. खरे काटे परवडत नाहीत म्हणून हे केलेले नाही, त्यामुळे चित्रातले काटे मला अधिकच खटकतात. याबद्दल दुसरे मत असू शकते. एकच जागा अनेक कामांना लावणे हे आजच्या मोटारीच्या स्वभावाला धरूनच आहे. पण स्क्रीन लवकर जुनी दिसू लागते, हे २००५ च्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये आज बसले की लगेच कळते. त्या मोटारीत वेगमापक स्क्रीनवर चित्ररूपाने दाखवला होता आणि मधोमध घड्याळ मात्र खऱ्या काट्यांचे होते. वेगमापकाच्या त्या चित्राची कडा, रंग आणि ठिपके पाहताक्षणी त्याचे वय सांगतात. घड्याळाचे वय सांगता येत नाही. २०२० च्या एस-क्लासमध्ये मोठी स्क्रीन आली आणि ते घड्याळ गेले.

अलीकडे काही कंपन्यांना हे उमगलेले दिसते. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या बुगाटीच्या मोटारीचे नावच ‘टूर्बियाँ’ आहे, आणि तिच्या चालकासमोरचे मापकांचे सबंध यंत्र स्विस घड्याळजींकडून ६०० हून अधिक सुट्या भागांचे करून घेतले आहे. स्क्रीन आहे, पण ती गरजेपुरती बाहेर येते. त्याआधी बेंटलीने कॉन्टिनेन्टल जीटीमध्ये फिरणारी तीन अंगांची पट्टी दिली: एका अंगाला स्क्रीन, दुसऱ्याला तापमान, होकायंत्र आणि कालमापक अशा काट्यांच्या तीन तबकड्या आणि तिसऱ्याला नुसते लाकूड. ही खर्चिक सोय प्रत्येक मोटारीत शक्य नाही, आणि साध्या मार्गाने तोच परिणाम साधायचा, तर स्क्रीनला बंद होण्याची मुभा द्यावी आणि तिच्या बाजूला काळ्या तबकडीचे, पांढऱ्या काट्यांचे, निनावी घड्याळ ठेवावे, एवढी माझी मागणी आहे.