आठवीतली तिसरी भाषा

१९८६ च्या जूनमध्ये आठवीत गेल्यावर तिसरी भाषा म्हणून मी पोर्तुगीज घेतली. आज फोंड्यात वकिली करताना त्या निवडीचा उपयोग मला जवळजवळ रोज होतो. मोजक्या मुलांसाठी आपल्या शाळेने तो वर्ग चालू ठेवला होता, म्हणून सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्याविषयीच लिहावे असे मी ठरवले.

त्या वर्षी गोव्यात भाषेचा प्रश्न घराघरांत तापलेला होता. राजभाषा कोकणी असावी, मराठी असावी की दोन्ही, यावरून मोर्चे निघत होते आणि नातेवाइकांमध्ये अबोला धरला जात होता. पुढे ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा विधेयक संमत झाले आणि ३० मे रोजी गोवा घटक राज्य बनले. अशा दिवसांत घरातली मुलगी राज्य सोडून गेलेल्यांची भाषा शिकणार, हे आमच्याकडे सहज पचणारे नव्हते. वर्गातल्या बहुतेकांचा ओढा फ्रेंचकडे होता, कारण तिच्यात गुण चांगले मिळतात आणि हॉटेलांच्या धंद्यात ती उपयोगी पडते असे सगळे सांगत. माझे थोरले काका मुक्तिलढ्यात होते व आग्वादच्या तुरुंगात त्यांनी शिक्षा भोगली होती, त्यामुळे त्यांच्यासमोर हा विषय काढायलाच वडील कचरत होते. प्रत्यक्षात पहिला होकार काकांनीच दिला. लष्करी न्यायालयाने त्यांना सुनावलेल्या शिक्षेच्या निकालाची प्रत त्यांच्या पेटीत होती. ती पोर्तुगीजमध्ये होती, आणि आपल्यावर नेमका काय आरोप ठेवला होता हे घरातल्याच कोणीतरी वाचून सांगावे, अशी त्यांची इच्छा होती.

आमच्या पोर्तुगीजच्या बाई मुक्तीपूर्वी पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या सरकारी माध्यमिक शाळेत, शिकलेल्या होत्या. त्या श्रुतलेखन रोज घालत आणि क्रियापदांची रूपे तोंडपाठ करून घेत. कोकणी बोलणाऱ्या आम्हा मुलांना नाकातले स्वर सोपे गेले. ‘आलो’, ‘आलास’ म्हटले की कर्ता वेगळा सांगावा लागत नाही, ही मराठीची सवय तिथेही कामाला आली. खरी कसोटी भविष्यकाळी संकेतार्थाच्या, म्हणजे ‘पुढे असे झाले तर’ हे सांगणाऱ्या क्रियापदाच्या, रूपांची होती. शेजारच्या स्पॅनिशमध्ये ती बोलण्यातून जवळजवळ गेली आहेत, पोर्तुगीजमध्ये मात्र अजून नांदती आहेत. बाई त्यांवर इतका वेळ का घालवतात हे मला तेव्हा कळत नसे. कायद्याची पुस्तके हाती आल्यावर दिसले की ‘वारस नसतील तर’, ‘मालमत्ता विभाज्य नसेल तर’ अशी कलमेच्या कलमे त्याच रूपांवर उभी आहेत.

दहावीच्या सुट्टीत मी तो निकाल काकांना वाचून दाखवला. आरोप राज्याच्या सुरक्षिततेविरुद्धच्या गुन्ह्याचा होता; तुरुंगवासाबरोबर राजकीय हक्क काढून घेतल्याचेही त्यात होते. काकांनी सहआरोपींची नावे पुन्हा पुन्हा वाचायला लावली.

त्या नावांचे लेखन हा माझ्या व्यवसायातला रोजचा विषय झाला आहे. जुन्या दस्तऐवजांत शणै ‘सिनाय’ होतात, प्रभू ‘पोरोब’ होतात, ‘श’साठी रोमन ‘एक्स’ येतो, आणि एकाच माणसाचे नाव जन्मनोंदीत एक व खरेदीखतात दुसरे असते. त्यात १९११ साली पोर्तुगीजचे शुद्धलेखन बदलले, म्हणून त्याआधीचा कागद वाचताना डोळ्यांना वेगळे वळण लावावे लागते. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता मुक्तीनंतरही गोव्यात लागू राहिली. तिच्यामुळे इथल्या मुलींना आईवडिलांच्या मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा वाटा मिळतो, आणि मृत्यूनंतर वारस व मालमत्ता यांची यादी करून वाटप ठरवणारी इन्व्हेंटरी ही प्रक्रिया तिच्यातूनच आली. वारसाहक्काचे नियम २०१२ च्या कायद्याने इंग्रजीत नव्याने मांडले गेले, हे खरे. पण पणजोबांच्या काळातली इन्व्हेंटरी त्यामुळे इंग्रजीत येत नाही. आजच्या खरेदीखतांतही सर्व्हे नंबरासोबत जुन्या जमीन नोंदणी कार्यालयातला क्रमांक आणि मात्रिज, म्हणजे जुन्या जमीन-कर नोंदीतला, क्रमांक द्यावा लागतो. एक-चौदाच्या, म्हणजे सात-बारासारख्या इथल्या जमिनीच्या, उताऱ्यावर एक नाव असावे आणि जुन्या नोंदीत दुसरेच निघावे, असे प्रसंग वारंवार येतात. माझ्याकडे आलेल्या एका वृद्ध बाईंना माहेरच्या जमिनीत आपले काहीच नाही असे आयुष्यभर सांगण्यात आले होते. त्यांच्या आजोबांच्या इन्व्हेंटरीत त्यांच्या आईचा हिस्सा, चारही सीमांसह, स्पष्ट लिहिलेला होता. तो कागद घरातच होता, पण कोणाला वाचता येत नव्हता.

हे केवळ जमिनीपुरते नाही. पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ सालची, आणि त्याचा पहिला रक्षक इतिहासकार दियोगु दु कोउतु होता. शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराची तिथली दप्तरे म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाचे मोठे साधन आहे. संभाजी महाराजांची १६८३ ची गोव्यावरची स्वारी किंवा चिमाजी आप्पांची वसईची मोहीम समजून घ्यायची तर दुसऱ्या बाजूचे कागद वाचावेच लागतात. सत्तरीतल्या पिसुर्ल्याच्या डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी मराठी आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषांच्या बळावर ती दप्तरे अभ्यासकांना खुली केली. असे काम पुढे नेणारे आज फार थोडे आहेत, याचे मला मनापासून दुःख होते.

पोर्तुगीजला केवळ जुन्या कागदांची भाषा समजणेही चूक ठरेल. ब्राझील, अंगोला, मोझांबिक आणि पोर्तुगाल मिळून २० कोटींहून अधिक लोक ती बोलतात. तरीही आपल्या मुलांसाठी मी पहिले कारण गोव्याचेच देईन.

व्यवस्थापनाला माझी विनंती आहे की पटसंख्या कमी झाली तरी हा वर्ग बंद करू नये. जुने हस्ताक्षर, संक्षेप आणि नोंदींची मांडणी नववी-दहावीच्या मुलांना शिकवण्यासाठी मी शनिवारी दुपारी शाळेत येण्यास तयार आहे. त्यासाठी लागणाऱ्या जुन्या दस्तऐवजांच्या प्रती, संबंधित कुटुंबांच्या परवानगीने, मी मुख्याध्यापकांकडे आणून देईन.