जमिनीचा स्वभाव

इंग्लंडमधल्या पक्क्या रेसवाल्याला उद्याच्या शर्यतीबद्दल विचारलंत, तर तो घोड्याआधी पावसाबद्दल बोलेल. यॉर्कला काल रात्री किती पडला, पडणार हे ठाऊक असताना आदल्या दिवशी ट्रॅकवर पाणी कशाला मारलं, दुपारपर्यंत वारा सुटला तर जमीन सुकेल का. घोडा, जॉकी, ट्रेनर वगैरे मंडळींचा नंबर नंतर. आणि त्याचं बरोबरच असतं, कारण गवतावरची अर्धी शर्यत आदल्या रात्रीच होऊन गेलेली असते. कोरड्या मैदानावर सुसाट सुटणारा घोडा ओल्या जमिनीत पाय रुतवत बसतो, आणि उन्हाळाभर मागे राहिलेली एखादी घोडी ऑक्टोबरचा चिखल बघून एकदम तरुण होते.

या जमिनीचं मोजमापही मोठ्या निगुतीनं होतं. मैदानाची जबाबदारी ज्याच्यावर असते तो क्लार्क ऑफ द कोर्स गोइंगस्टिक नावाची काठी घेऊन ट्रॅकभर फिरतो. ती जमिनीत खुपसायला किती जोर लागतो आणि खुपसल्यावर तिरकी ओढायला किती, यावरून एक आकडा निघतो. मग जाहीर होतं: गुड टू फर्म, म्हणजे मध्यम ते टणक, काही ठिकाणी गुड. त्या ‘काही ठिकाणी’वर माणसं तासभर वाद घालू शकतात. मी घातलेला आहे.

आता वुल्व्हरहॅम्प्टन घ्या. इथला ट्रॅक गवताचा नाही, कृत्रिम वाळूचा. जानेवारीतली संध्याकाळ, साधारण एक मैलाचा सपाट लंबगोल, वर फ्लडलाइट. जमीन कशी आहे? स्टँडर्ड, म्हणजे नेहमीसारखी. काल कशी होती? स्टँडर्ड. पुढच्या आठवड्यात कशी असेल, तेही मी आत्ताच सांगतो. फार तर ‘स्टँडर्ड टू स्लो’. इथे पावसाबद्दल बोलायला गेलात तर लोक तुम्हाला हवामान खात्यातले समजतील. अर्थात हिमवर्षाव, दाट धुकं किंवा सोसाट्याचा वारा असला की या ‘ऑल-वेदर’ शर्यतीही रद्द होतात, हे सांगून ठेवतो.

हा प्रकार ब्रिटनमध्ये सुरू झाला 1989 साली. 30 ऑक्टोबरला लिंगफील्डला पहिली शर्यत झाली, आणि थोड्याच दिवसांत साउथवेलही सुरू झालं. कारण शुद्ध व्यावहारिक होतं. थंडीत जमीन गोठली की गवतावरच्या शर्यती रद्द, आणि शर्यती रद्द झाल्या की देशभरातल्या बेटिंगच्या दुकानांत माणसं भिंतीकडे बघत उभी. दुकानांना रोज दुपारी काहीतरी पळताना हवं होतं. वाळूवरच्या शर्यतींचा जन्म हा असा, दुकानदाराच्या गरजेतून. नाकं मुरडणाऱ्यांना तेवढं निमित्त पुरलं. त्यातच सुरुवातीला या वाळूवर हर्डल्सच्याही शर्यती घेतल्या. त्यात घोडे मरायला लागले, तेव्हा 1994 मध्ये तो उद्योग बंद झाला. बंद झाला ते उत्तमच झालं.

मी म्हणताना वाळू म्हणतो खरा, पण ती समुद्रकिनाऱ्यावरची वाळू नव्हे. बारीक सिलिका वाळू, त्यात कृत्रिम धागे, कुठे रबराचे तुकडे, आणि या सगळ्याला मेणाचा लेप. त्यामुळे पाणी खाली निघून जातं आणि थर सहसा गोठत नाही. या मिश्रणांना नावं आहेत, पॉलिट्रॅक, टॅपेटा. यातला टॅपेटा ज्यानं बनवला तो मायकल डिकिन्सन हा माणूसच मुळात गवतातला. 1983 च्या चेल्टनम गोल्ड कपमध्ये पहिले पाचही घोडे त्याच्याच तबेल्यातले होते. मार्चमधलं चेल्टनम म्हणजे गवत, चढण, चिखल आणि जंप रेसिंगचं तीर्थक्षेत्र. तिथे असा पराक्रम करून मग या गृहस्थानं डोकं कशात घातलं, तर मेण लावलेल्या वाळूत.

तर मग मजा कुठे जास्त, गवतावर की वाळूवर? डोळ्यांपुरतं बोलायचं तर प्रश्नच नको, गवतावर. एप्समची डर्बी 1780 पासून चालू आहे, आणि त्या ट्रॅकची आखणी आज कोणी सुचवली तर त्याला वेड्यात काढतील. आधी लांबलचक चढण, मग टॅटनम कॉर्नरकडे उतार, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात जमीनच एका बाजूला कललेली. चेस्टरचा ट्रॅक इतका छोटा आणि गोल, की घोडे सारखे वळतच असतात. गुडवुड टेकडीवर. न्यूमार्केटला शेवटच्या फर्लांगांत एक खोलगट उतार येतो, त्यात लांब टांगांच्या घोड्यांचा तोल जातो. अस्कॉटच्या सरळ ट्रॅकवर तीसच्या आसपास घोडे सुटतात आणि मधेच दोन टोळ्या पडतात, एक या कठड्याला, एक त्या. आपली टोळी पुढे आहे की त्यांची, हे शेवटपर्यंत कळत नाही. तिथे उभं राहिलं की आधी पायाखालची जमीन थरथरते, मग टापा ऐकू येतात.

याउलट वाळूवरचे ट्रॅक बहुतेक सपाट, आणि एकजात डावीकडे वळणारे. अपवाद एका केम्प्टनचा, ते उजवीकडे वळतं. न्यूकॅसलला निदान सरळ मैल आहे. त्याच न्यूकॅसलला नॉर्दम्बरलंड प्लेट ही दोन मैलांची जुनी शर्यत होते. 1833 पासूनची, खाणकामगारांच्या सुट्टीची, म्हणून तिचं लाडकं नाव पिटमेन्स डर्बी. 2016 मध्ये तिच्याखालचं गवत काढून टॅपेटा आला. तेव्हा झालेल्या आरडाओरड्यात माझाही आवाज मिसळायला मी तयार होतो. उन्हाळ्यातली शर्यत आहे ती! जूनच्या शेवटी कुठली जमीन गोठते?

इथे लेख संपायला हवा होता. पण मी केम्प्टनला जातो.

बुधवारी संध्याकाळी वॉटर्लूहून गाडी पकडायची, ती रेसकोर्सच्या दाराशीच सोडते. हिवाळ्यात आत माणसं इतकी कमी, की प्रत्येकाला खांद्याला खांदा न लावता कठड्याला टेकता येतं. टोप्या नाहीत, शॅम्पेन नाही, फोटोसाठी आलेलं कोणी नाही. पॅडॉकमध्ये घोडे फिरतात आणि त्यांच्यातले निम्मे ओळखीचे असतात. हा सात वर्षांचा काळसर घोडा तीन आठवड्यांपूर्वी लिंगफील्डला नाकभर अंतरानं हरला होता. ही घोडी सुरुवातीला पुढे पळते आणि शेवटच्या फर्लांगात दर वेळी थकते, तरी तिला दर वेळी पुढेच पळायचं असतं. तो पांढऱ्या तोंडाचा गेटमध्ये शिरायला कटकट करतो. हँडिकॅपर, म्हणजे घोड्यांना वजन ठरवून देणारा अधिकारी, त्याच्या पाठीवर दोन पौंड वाढवतो, पुढच्या खेपेला एक कमी करतो, आणि घोडा बिचारा पळत राहतो.

गवतावर असा सहवास लाभत नाही. फ्रँकेल हा त्याच्या काळातला सर्वांत मोठा घोडा, तो सगळ्या कारकिर्दीत मिळून 14 वेळा पळाला, चौदाही जिंकला आणि प्रजननासाठी निघून गेला. त्याचं दर्शन घडतं, ओळख होत नाही. वाळूवरचा साधा गेल्डिंग, म्हणजे खच्ची केलेला घोडा, मात्र वर्षानुवर्षं हिवाळाभर भेटत राहतो. त्याला प्रजननाला कुठे जायचं नसतं आणि डर्बीचीही चिंता नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे इथे सबबी चालत नाहीत. गवतावर घोडा हरला की जमिनीकडे बोट दाखवायची सोय असते. क्रिकेटमध्ये सामना हरलेला कर्णधार पिचबद्दल बोलतो तसं. स्टँडर्डवर काय सांगणार? मग नजर आपोआप जॉकीकडे जाते. लिंगफील्डच्या पॉलिट्रॅकवर शेवटचं वळण उताराचं आहे. बऱ्याचदा सगळे जण सुरुवातीला रमतगमत पळतात आणि त्या उतारावर एकदम स्फोट होतो. तिथे अर्धा सेकंद आधी निघालेला शेवटी गळपटतो, अर्धा सेकंद उशिरा निघालेल्याला मधून वाट मिळत नाही. हे बघायला मला जाम आवडतं. ल्यूक मॉरिस हा जॉकी म्हणजे या संध्याकाळच्या शर्यतींत राबणारा माणूस. आज वुल्व्हरहॅम्प्टन, उद्या केम्प्टन, थंडीत, सात-सात शर्यती. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसला लाँगशाँच्या चिखलात त्यानं अल्पिनिस्टावर बसून आर्क ही तिथली सर्वांत मोठी शर्यत जिंकली, तेव्हा वाळूवाल्यांना घरातल्या मुलाचा निकाल लागल्याचा आनंद झाला.

मोठ्या घोड्यांनीही वाळूला पाय लावलेले आहेत. एनेबल या नामांकित घोडीची पहिली शर्यत 2016 च्या नोव्हेंबरमध्ये न्यूकॅसलच्या टॅपेटावर झाली. 2018 मध्ये दुखापतीतून परतताना ती केम्प्टनला पळाली आणि तिथून जाऊन आर्क जिंकली. 2019 मध्ये डॉनकॅस्टर पाण्याखाली गेलं, म्हणून फ्युचुरिटी ट्रॉफी ही शर्यत न्यूकॅसलला हलवावी लागली. वाळूवरची ब्रिटनमधली ती पहिली ग्रुप वन, म्हणजे सर्वोच्च दर्जाची शर्यत. ती जिंकलेल्या कमेकोनं पुढच्या वर्षी न्यूमार्केटच्या गवतावर 2000 गिनीज ही मोठी शर्यत मारली. म्हणजे वाळूवरचं यश खोटं असतं, हा युक्तिवाद तरी आता सोडून द्यायला हरकत नाही.

एवढं असूनही मन गवताकडे ओढतं ते का, याचा विचार करताना मला नेहमी जुनं साउथवेल आठवतं. तिथे फायबरसँड होती. वाळूत धागे मिसळलेले, मेण नाही. खोल, जड, दमवणारी जमीन. पुढच्या घोड्याच्या टापांनी मागच्यांच्या तोंडावर वाळूचा असा मारा व्हायचा, की कित्येक घोडे पहिल्या वळणालाच नाद सोडायचे. घोड्यांमधली अंतरं दहा-दहा, पंधरा-पंधरा लांबीची. शेवटचा घोडा आला की नाही हे पाहायला थांबावं लागे. रेसिंगमधले सभ्य लोक साउथवेलचं नाव हसल्याशिवाय घेत नसत. पण त्या वाळूचे स्वतःचे राजे होते. इतरत्र सुमार ठरलेला घोडा इथे येऊन एकदम सिंह व्हायचा. ला एस्ट्रेला नावाचा घोडा म्हातारपणीही तिथे पुन्हा पुन्हा जिंकत राहिला, आणि साउथवेल म्हटलं की तोच, इतकं त्याचं नाव झालं. शर्यतींचं कार्ड हातात आलं की लोक आधी एकच गोष्ट बघायचे, घोडा इथे पूर्वी पळलाय का. ही चौकशी आणि यॉर्कच्या पावसाची चौकशी एकाच जातीची. जमिनीला स्वभाव होता, आणि तो कोणाशी जुळतो हे शोधण्यात गंमत होती. त्या स्वभावाला गवतच लागतं असं नाही, हे मला त्या कुरूप साउथवेलनं शिकवलं.

2021 मध्ये ती फायबरसँड काढली आणि तिथेही टॅपेटा टाकला. ट्रेनर खूश झाले. त्यांचंही खरं आहे. चांगला घोडा त्या जुन्या वाळूत कोण पाठवणार? टॅपेटावर घोड्यांच्या तोंडावर फारसं काही उडत नाही, अंतरं कमी, शर्यती चुरशीच्या. न्यूकॅसलला चाललेला घोडा तिथेही चालतो. फायबरसँडचे जे जुने राजे उरले होते, त्यांच्यापैकी काही नव्या जमिनीवर एक-दोनदा पळाले, मागून कुठेतरी आले, आणि मग कार्डावर दिसेनासे झाले.